कस्तुराबाईंचा टिळा

हा पारा नाही. हे वाक्य मी गेल्या दोन वर्षांत इतक्या जणांना ऐकवलंय की शेडच्या दारावरच रंगवून घ्यावं असं वाटतं. वीजमीटर बघणारा येवो, पाण्याचे जार टाकणारा येवो, टेबलावरची ती चकचकीत बाटली दिसली की प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला, "पारा का हो?" नाही हो. गॅलियम आणि इंडियम नावाच्या दोन धातूंचं मिश्रण आहे. पाण्यासारखं वाहतं, पण पाऱ्यासारखं विषारी नाही. एवढं ऐकून माणूस मान डोलावतो आणि बाहेर जाऊन सांगतो, "आत पाऱ्याचं काम चालतंय."

कस्तुराबाईंनी तर पहिल्याच दिवशी मला गप्प केलं. मी घसा कोरडा होईपर्यंत समजावलं, तर म्हणाल्या, "म्हंजी पाराच की वो. निसता इखारी न्हाई. सापातबी धामण असतीच."

त्या दिवशी आमचं जे सुरू झालं ते आजतागायत चालू आहे.

मी कैलास. राहतो लोणावळ्यात, कामाला येतो नवलाख उंबऱ्याला, एमआयडीसीच्या कडेला भाड्यानं घेतलेल्या एका शेडमध्ये. हुद्दा प्रॉडक्शन इन्चार्ज, म्हणजे मॅडम सोडून बाकीच्यांवर ओरडायचा अधिकार माझा. मॅडम म्हणजे स्नेहल मॅडम, मालकीण. वयानं माझ्याहून दहा वर्षांनी लहान, शिक्षणानं कितीतरी मोठ्या, आणि रागावणं त्यांना जमतच नाही. त्यामुळे दोघांच्या वाटणीचं मलाच रागवावं लागतं.

आम्ही हातमोजे बनवतो. थंडीचे नव्हेत. अंगावरून वारं गेलेल्या माणसाच्या लुळ्या हातात घालायचे. मऊ रबराचा मोजा, प्रत्येक बोटावरून केसासारखी बारीक नळी नागमोडी गेलेली, आणि त्या नळीत हा पातळ धातू भरलेला. बोट वाकलं की रबर ताणतं. आत तांब्याची तार असती तर चार दिवसांत तुटली असती. ही धार तुटत नाही, नुसती लांब आणि बारीक होते. धार बारीक झाली की विजेला तिच्यातून जायला जड जातं, आणि किती जड गेलं ते मोबाईलवर रेघ होऊन दिसतं. बोट आज किती वाकलं, काल किती वाकलं होतं, सगळं डॉक्टरांना कळतं. डोळ्याला न दिसणारी हालचालसुद्धा रेघेला दिसते, असं मॅडम सांगतात.

ऐकायला छान वाटतं. पण ती नळी भरायची म्हणजे काय वैताग असतो ते आम्हाला विचारा. एका टोकाला सुई खुपसून धातू ढकलायचा, दुसऱ्या टोकाला सुई खुपसून हवा ओढून घ्यायची. मध्ये कुठं टाचणीच्या टोकाएवढा बुडबुडा राहिला की मोजा बाद. संदेश आणि आणखी दोघं, सगळे आयटीआय झालेले, दिवसभर माना मोडून भरायचे आणि दहातले सहा मोजे बाद व्हायचे. बाद मोजा बाहेर जाऊ द्यायचा नाही, कात्रीनं कापून टाकायचा, हा मॅडमचा नियम. कापायचं काम माझ्याकडे. माझा स्वभाव तिरसट का झाला, याचं उत्तर त्या कात्रीत आहे.

अशा वेळी कस्तुराबाई आल्या. गाव आंदर मावळात, पार आत. वय पंचावन्नच्या पुढं, नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात कापडी पिशवी. आम्ही लावलेल्या कागदावर 'बारीक कामाचा अनुभव हवा' असं लिहिलं होतं. मी विचारलं, अनुभव काय?

"अकरा वर्सं लोनावळ्याला चिक्कीच्या भट्टीवर पाक केलाय."

"मावशी, इथं गूळ नसतो."

"ते दिसतंया," म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून बसल्या. मॅडम हसल्या. करून तर बघू दे, म्हणाल्या.

कस्तुराबाईंनी सुईच्या टोकाशी एक थेंब काढला. हा धातू हवेला लागला की क्षणात त्याच्यावर पातळ कातडी धरते, तिला मॅडम ऑक्साईडचा थर म्हणतात. बाईंनी तो थेंब टाचणीनं टोचून बघितला, वाकडा करून बघितला. "साय धरतंय की ह्ये," म्हणाल्या. "मग मधी हात थांबवून चालायचा न्हाई." परातीत पाक ओतताना हात थांबला तर वर साय धरते, मागून आलेला पाक तिच्यावरून घसरतो आणि वडीत पोकळी राहते, हे त्यांचं शास्त्र. त्यांनी सुई लावली, श्वास आत ओढला आणि एका धारेत, न थांबता, पाचही बोटं भरून टाकली. बुडबुडा नाही. त्या दिवशी दहातले नऊ मोजे पास झाले. संदेश तोंड उघडं टाकून बघत होता. मी दहावा मोजा का बाद झाला याची चौकशी करत होतो. माणसानं आपला मान राखायला काहीतरी करावं लागतं.

हात असा सोन्यासारखा, पण तोंड! प्रत्येक गोष्टीला "का?" डोक्याला टोपी घाला, का? केस पडतात. "माजं न्हाई पडत." हिरव्या बांगड्या वर सारा, का? रबराला लागतात. "मग रबार लांब धरा." जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, डबा आत आणायचा नाही, का? इथं मात्र माझा संयम सुटला. त्या दिवशी माल परत आला होता, फोन वाजत होता, आणि ह्या बाई डब्याचं कारण विचारत होत्या. मी म्हटलं, "कारण मी सांगतोय म्हणून." बाई दुसऱ्या दिवशीपासून स्टीलचा डबा आणायला लागल्या. मला वाटलं, चला, एक तरी लढाई जिंकलो.

पहिल्या हिवाळ्यातली गोष्ट सांगायलाच हवी. जानेवारीत आमच्या शेडमध्ये सकाळी दातावर दात वाजतात, आणि पंधरा अंशांच्या खाली हा धातू गोठतो. बाटली हलवली तर आत दगड. मी मॅन्युअल काढून बसलो, किती अंशांवर, किती मिनिटं, कशात ठेवून वितळवायचं ते शोधत. पंधरा मिनिटांनी बघतो तर बाटली गायब. कस्तुराबाईंनी ती शालीत गुंडाळून काखेत धरली होती आणि बसल्या बसल्या सुया मांडत होत्या. "काय करताय हे?" मी ओरडलो. "पिल्लू गारठलं की काय करत्यात?" त्या म्हणाल्या. बाटलीतला धातू वितळला होता. मॅन्युअलमधलं ते पान मला अजून सापडलेलं नाही.

आता गेणूभाऊंचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच येतं.

गेणूभाऊ म्हणजे बाईंचे मालक. दीड वर्षापूर्वी खाचरात काम करताना त्यांच्या अंगावरून वारं गेलं. पाय बराचसा सुधारला, वाचा गेली ती फक्त "हं" आणि "अं" एवढी परत आली, आणि उजवा हात मांडीवर पडला तो पडलाच. भाताची चार खाचरं, दोन गाई आणि हे कामावरचं येणं-जाणं, सगळं बाईंच्या एकटीच्या अंगावर. सकाळी टाकव्यापर्यंत चालत यायचं, तिथून कामगारांच्या गाडीनं पुढं. संध्याकाळची एसटी चुकली की परत पायपीट. पण त्यांना त्या कष्टाचा राग नव्हता. राग होता तो त्या हाताचा.

"हात मेलाय का मानूस मनानं बसलाय, त्येवडं कळू द्या मला," त्या म्हणायच्या. "रोज म्हनते, अवं हलवा, जरा जोर करा. निसतं बगत बसत्यात माज्याकडं. डागदर म्हनला, थोडी जरी हालचाल आसंल तर येयाम करून हात येतू. आन् काईच नसंल तर उगा हेलपाटं नगा मारू. मग कोन सांगायचं, आसंल का नसंल?"

त्यासाठी त्यांना मोजा हवा होता. नवा मागण्याइतक्या त्या निर्लज्ज नव्हत्या. बाद झालेला मागायच्या. मी कात्री हातात घेतली की येऊन उभ्या. "एका बोटाचाच बाद हाय न्हवं? बाकीची चार चालत्यात." नियम आहे मावशी. चुकीची रेघ दाखवणारा मोजा नसलेल्यापेक्षा वाईट. हे मी पन्नासदा सांगितलं, त्या एक्कावन्नाव्यांदा मागायच्या. शेवटी मी कापायचं काम त्यांच्या सुट्टीच्या दिवशी करायला लागलो.

मग गेल्या पावसाळ्यात तळेगावच्या एका डॉक्टरांनी आमचे मोजे वीस पेशंटवर वापरून बघायचं कबूल केलं. वीसचे वीस मोजे दिवाळीच्या आधी एकदम मिळायला हवेत, ही त्यांची अट. नाहीतर पुढच्या वर्षी बघू. मॅडमनी डॉक्टरांना गेणूभाऊंबद्दल सांगितलं, तपासणी झाली, आणि यादीत विसावं नाव गेणूभाऊंचं लागलं. कस्तुराबाईंनी ती यादी माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. वीस मोजे वेळेत गेले तर त्यांना उत्तर मिळणार होतं. एवढंच त्यांना हवं होतं.

घाई होती, आणि या मोज्यांची नळी आणखी बारीक, हातानं दिवसाला जेमतेम एक भरून व्हायचा, म्हणून मॅडमनी भरायचं मशीन घेतलं. परदेशी, देखणं, एका हाताचं. तो हात सुया घेऊन मोज्यावर यायचा, धातू सोडायचा आणि मागं जायचा. मला ते मशीन फार आवडलं. ते "का?" विचारत नव्हतं. कस्तुराबाई त्याला "बिचारं" म्हणायच्या. "एकाच हाताचं हाय, तरी बगा कसं राबतंय. नायतर आमच्या घरी."

खंडेनवमीला सगळ्याच कंपन्यांत यंत्रांची पूजा होते, आमच्याकडेही झाली. अकरा मोजे तयार होते, नऊ बाकी होते, मी खुशीत होतो. "सगळं चकाचक झालं पाहिजे," असा हुकूम सोडला आणि हारांच्या मागे लागलो. वळून बघतो तर कस्तुराबाई घरून आणलेल्या पुडीतली राख आणि काथ्या घेऊन मशीनचा हात घासतायत, घरचा देव घासावा तसा.

"अहो, ओरखडे पडतील!"

"पडू द्या. डाग तर निगंल."

डाग निघाला. हात आरशासारखा झाला. मग हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ. मी आरतीचं ताट धरून उभा होतो. कस्तुराबाईंनी मशीनच्या हाताला कुंकू लावलं, आणि शेजारी अंगठ्यानं आणखी एक टिळा दाबून चोळला. तो चकाकत होता. मिठाईवरचा वर्ख असेल, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर काहीच वाटलं नाही, कारण मी घड्याळाकडे बघत होतो. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी होती आणि मला घरी जायचं होतं.

दसरा झाल्यावर सकाळी संदेशनं मशीन चालू केलं. हात पुढं आला, थरथरला आणि मधोमध मोडून टेबलावर पडला. सुया वाकल्या. मी धावत गेलो. मोडलेल्या जागी बोट लावलं, तर लखलखीत धातूचा करडा भुगा हातात आला. जुन्या बिस्किटासारखा.

त्या क्षणी मला सगळं कळलं. आमचा हा धातू रबराला काही करत नाही, स्टीलला काही करत नाही, कातडीला काही करत नाही. पण अॅल्युमिनियमवर ओरखडा मिळाला की तो आत शिरतो आणि दोन दिवसांत चांगल्या पत्र्याचा भुगा करतो. म्हणून तर जर्मनचे डबे आत आणायची बंदी. मशीनमध्ये जिथून धातू जातो ते सगळं स्टील आणि प्लॅस्टिक, पण बाहेरचा हात हलका हवा म्हणून अॅल्युमिनियमचा. संदेशला आणि बाकीच्यांना मी पहिल्या आठवड्यात पत्र्यावर थेंब टाकून हा प्रयोग दाखवला होता. कस्तुराबाई नंतर आल्या. त्यांना दाखवायचा राहिला. पाक करणाऱ्या बाईला काय करायचंय, असं तेव्हा मला वाटलं होतं.

हे सगळं कळलं, आणि मी गप्प बसलो. लिहिताना लाज वाटते, पण बसलो. पुण्याहून मशीनवाल्यांचा माणूस आला, त्यानं तुकडे पिशवीत भरले आणि सांगितलं, "कुणीतरी जोरात आदळलंय. नवा हात यायला तीन आठवडे लागतील." तीन आठवडे म्हणजे दिवाळी झाल्यावर. मग चौकशी सुरू झाली, आदळलं कुणी? पूजेच्या दिवशी संदेशनं तिथून ट्रॉली ओढली होती. झालं, सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो शिरगावचा, साईबाबांच्या मोठ्या देवळाच्या गावचा, त्यांचीच शपथ घेऊन सांगत होता की ट्रॉली लागली नाही म्हणून. त्याचे डोळे भरून आले होते. मी दोन दिवस फोन करत बसलो, हात लवकर पाठवा, विमानानं पाठवा. मी फार कामात आहे असं सगळ्यांना दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी कस्तुराबाई मशीनचं टेबल पुसत होत्या. पुसता पुसता थांबल्या. फटीत राहिलेला भुगा त्यांनी चिमटीत घेतला आणि चोळला.

"सायेब, हितंच लावला हुता मी टिळा."

मी संगणकात डोकं घातलं.

"सायेब, तुमी जर्मनचा डबा आत आनू नगा म्हनला हुता. का वो?"

दीड वर्षापूर्वीचाच प्रश्न. फोन वाजत नव्हता, माल परत आलेला नव्हता, सबब कुठलीच नव्हती. मी सांगितलं. सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही "का?" विचारलं नाही. मग मी विचारलं, "पण मावशी, कुंकू लावलं होतं ना? हा धातू कशाला लावलात?"

"आमच्या सासूबाईंची रीत. हत्याराला त्याच्याच कामाचा टिळा. इळ्याला भाताच्या लोंबीतला चीक लावत्यात आमच्या घरी. म्हनलं, ह्या मुक्या जिवाला कोन लावनार?" त्यांनी हात पदराला पुसले. "संदेशला समदी बोलत्यात आन् मी गप ऱ्हाऊ व्हय?"

आणि सरळ मॅडमच्या खोलीत गेल्या. मी मागोमाग. मला वाटलं होतं, हळूहळू, वळणावळणानं सांगतील. बाईंनी उंबऱ्यातूनच सांगून टाकलं. "मशीन माज्यामुळं मोडलं. संदेशचा काय दोष न्हाई. सायबांनी मला सांगितलं हुतं जर्मनला ह्ये लावायचं न्हाई म्हनून, मीच चुकले. मला कामावरनं काडा, पर यादीतनं ह्येंचं नाव काडू नगा."

त्यांनी मला वाचवलं होतं. मी तिथं खांबासारखा उभा होतो, आणि मला माझाच इतका संताप आला की आवाज चिरका निघाला. "सांगितलं नव्हतं. डबा आणू नका एवढंच सांगितलं. त्यांनी कारण विचारलं तर मी त्यांच्यावर डाफरलो. आणि त्या टिळा लावत होत्या तेव्हा आरतीचं ताट माझ्या हातात होतं. मला तीन दिवसांपासून माहीत आहे."

मॅडमनी लॅपटॉप बंद केला. मग म्हणाल्या, "मला राग येत नाही असं तुम्ही सगळ्यांना सांगता ना, कैलास? आज आलाय. आधी बाहेर जाऊन संदेशची माफी मागा."

मागितली. सगळ्यांसमोर मागितली. संदेश बिचारा "असू दे सर" म्हणाला, त्यानं जास्तच लागलं.

परत आलो तर मॅडम कस्तुराबाईंचे हात बघत होत्या. नऊ मोजे उरले होते आणि माल पाठवायला आठ दिवस. हातानं भरता येतील का, एवढाच प्रश्न होता. बाईंनी टोपी घातली. न सांगता. बांगड्याही कोपरापर्यंत सारल्या. मला इतकं चमत्कारिक वाटलं की त्यांनी भांडावं असं वाटायला लागलं.

आठ दिवस त्यांनी भरले. संदेशला शेजारी बसवलं, "साय धरायच्या आत पुडं जायाचं, हां, आता थांबलास तर बग," असं करत त्यालाही शिकवलं. सात मोजे पास. एकोणिसावा पास. विसावा गेणूभाऊंचा. तो भरताना पहिल्यांदाच कस्तुराबाईंचा हात थांबला. अर्धा श्वास, तेवढाच. मधल्या बोटात बुडबुडा. मी भिंगातून बघितला आणि भिंग त्यांच्यापुढं सरकवलं. इतके दिवस बाद मोजे मागणाऱ्या बाई. चार बोटं चांगली होती. मी कात्री उचललीच नाही.

त्यांनी उचलली. कचाकचा कापला, डब्यात टाकला आणि म्हणाल्या, "दुसरा द्या."

दुसरा पास झाला.

वीसही मोजे वेळेत गेले. बाकीच्यांचे मोजे डॉक्टरांच्या माणसांनी घातले. आंदर मावळात जायचं म्हणताना मॅडम म्हणाल्या, मीही येते, आणि मला गाडी चालवायला घेतलं. गावाच्या अलीकडे रस्ता संपला, पुढं अर्धा तास चढ. लोणावळ्यात जन्म काढलेला माणूस मी, तरी फेफे उडाली. कस्तुराबाई पुढं चालत होत्या आणि मागं वळून "या की सायेब" म्हणत होत्या. हे अंतर त्या रोज चालतात, हे मला माहीत होतं, पण आज पायाला कळलं.

गेणूभाऊ पडवीत बसले होते. दुपारची वेळ, पुढं पिवळी पडत चाललेली भाताची खाचरं. हडकुळा, स्वच्छ दाढी केलेला माणूस. दाढी बाईंनीच केली असणार. मॅडमनी त्यांच्या उजव्या हातात मोजा चढवला, मी मोबाईल जोडला. पाच बोटांच्या पाच रेघा आल्या. पाचही सपाट.

"हलवा," कस्तुराबाई म्हणाल्या.

हात मांडीवर पडलेला. काही हललं नाही. गेणूभाऊ त्यांच्याकडे नुसते बघत होते, बाई सांगायच्या तसेच.

"अवं, हलवा की! एवडी मानसं आल्यात लांबनं. जरा जोर करा. बगत काय बसलाय!"

मधल्या बोटाची रेघ जराशी उचलली आणि खाली बसली. मी म्हटलं, वायर हलली असेल. असल्या रेघा मी हजार बघितल्यात. वायर चिकटपट्टीनं घट्ट केली, हाताखाली उशी दिली.

"मावशी, परत म्हणा."

"हलवा!"

रेघ उचलली. बोटाकडे बघितलं तर ते दगडासारखं. रेघ खाली बसली.

"आता गप्प बसा." आम्ही सगळे गप्प बसलो. मिनिटभर रेघ सपाट. "आता म्हणा." त्या म्हणाल्या, रेघ उचलली. पाचदा केलं. पाचही वेळा. मॅडमनी माझा दंड घट्ट धरला होता.

कस्तुराबाई माझ्या खांद्यावरून मोबाईलमध्ये बघत होत्या. "ह्ये वर जातंय ते काय?"

"ते भाऊंचं बोट आहे."

"ते तर हलत न्हाई."

"आपल्याला दिसत नाही इतकंच हलतंय. तुम्ही सांगितलं की भाऊ जोर लावतायत. प्रत्येक वेळी."

बाई मोबाईलकडून भाऊंकडे वळल्या. मग हळूच म्हणाल्या, "परत्येक येळी? म्हंजी मी रोज वरडत हुते तवाबी?"

याचं उत्तर मोबाईलमध्ये नव्हतं. पण गेणूभाऊंनी मान हलवली आणि म्हणाले, "हं."

कस्तुराबाई तिथंच जमिनीवर बसल्या. तोंडात पदर धरला. दीड वर्षं ज्या माणसाला त्या आळशी म्हणत होत्या, त्याच्या गुडघ्यावर त्यांनी हात ठेवला. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण वायर माझ्या हातात होती.

"बास," त्या म्हणाल्या. इतका मऊ आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "ऱ्हाऊ द्या आता. दमला आसाल."

आणि रेघ वर गेली. आत्तापर्यंतच्या सगळ्यांत उंच. कुणी सांगितलेलं नसताना.

मी तोंड उघडं टाकून बघतच राहिलो. कस्तुराबाईंनी डोळे पुसले आणि माझ्यावर खेकसल्या, "बगत काय बसलाय सायेब? लिवून घ्या!"